जुलाबांत बाटलीआधी पुडी!

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की वर्तमानपत्रांतून एक ठरावीक बातमी दिसू लागते. गावाचे नाव तेवढे बदलते. ‘अमुक गावात गॅस्ट्रोची लागण’ असा मथळा असतो आणि शेजारी छायाचित्र. शाळेच्या खोलीत सतरंज्यांवर झोपलेली माणसे आणि वर खिडकीच्या गजांना टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या. वर्षानुवर्षे हेच चित्र पाहून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे. जुलाब-उलट्या म्हणजे सलाईन. बाटली लागली की माणूस वाचला, नाही लागली की गेला.

या समजुतीविषयीच आज लिहायचे आहे. सलाईन वाईट आहे असे नव्हे. योग्य वेळी ती जीव वाचवते. पण जुलाब सुरू झाल्यापासून बाटली लागेपर्यंतचे जे पहिले काही तास असतात, तेच बहुतेक रुग्णांचे भवितव्य ठरवतात. ते तास घरात जातात, एस.टी.ची वाट पाहण्यात जातात, दवाखान्याच्या बाकावर जातात. या वेळात जे करायला हवे ते अगदी सोपे, अगदी स्वस्त आहे आणि घरातल्या बाईमाणसाच्या हातातले आहे. ते सोडून आपण बाटलीची वाट पाहत बसतो. माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

रोग येतो कोठून?

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे पातळ शौचास झाले की त्याला जुलाब म्हणावे. अंगावर पिणारे तान्हे बाळ दिवसातून पाच-सहा वेळा पिवळसर, मऊ शी करते. ते खेळते आहे, वजन वाढते आहे, तर तो जुलाब नव्हे. नेहमीपेक्षा एकदम पातळ आणि एकदम वारंवार होऊ लागले तर मात्र लक्ष द्यावे.

अचानक सुरू होणारे आणि थोड्या दिवसांत थांबणारे जुलाब बहुधा जंतुसंसर्गाचे असतात. लहान मुलांत रोटाव्हायरस आणि त्याच्यासारखे इतर विषाणू हे मोठे कारण. जिवाणूंमध्ये ई. कोलायच्या काही जाती, आव-रक्त पाडणारा शिगेला आणि पूर्वी जिला पटकी म्हणत त्या कॉलऱ्याचा जंतू. शिवाय अमीबा, जिआर्डिया यांसारखे परजीवी. नावे अनेक असली तरी वाट एकच आहे. एका माणसाच्या विष्ठेतील जंतू दुसऱ्या माणसाच्या तोंडात जातात. कधी पाण्यातून, कधी न धुतलेल्या हातांतून, कधी माशीच्या पायांवरून, कधी उघड्यावर ठेवलेल्या शिळ्या अन्नातून. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण हे स्पष्ट सांगितल्याशिवाय प्रतिबंधाचे महत्त्व पटत नाही.

‘दात येताहेत म्हणून होतंय’, ‘दृष्ट लागली’, ‘ऊन बाधलं’ ही कारणे आपण किती सहज सांगतो! दात यायच्या वयात मूल रांगत असते आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालते. जुलाब दातांनी होत नाहीत, त्या वस्तूंवरच्या जंतूंनी होतात. एके काळी पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईला साकडे घालत. त्या काळी कारण माहीत नव्हते, उपायही नव्हता. आज दोन्ही माहीत आहेत.

जीव जातो तो कशाने?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुलाबात माणूस बहुतेक वेळा जंतूमुळे थेट मरत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे मरतो. दहा किलो वजनाच्या मुलाचे एक किलो वजन जुलाब-उलट्यांत पाण्याच्या रूपाने गेले, तर ते मूल अत्यवस्थ होते. एक किलो म्हणजे एक लिटर पाणी. रोटाव्हायरसच्या जोरदार जुलाबात एवढे पाणी एका दिवसात सहज जाऊ शकते. कॉलऱ्याच्या तीव्र रुग्णाच्या अंगातून तर तासाला लिटरभरापर्यंत पाणी जाते. धडधाकट गडी सकाळी शेतावर जातो आणि संध्याकाळी नाडी लागत नाही, हे त्यामुळेच घडते.

म्हणजे जुलाबाच्या उपचाराचे पहिले काम जुलाब ‘बांधणे’ हे नाही. गेलेले भरून काढणे हे पहिले काम. गळक्या हंड्याचे भोक बुजवायला थोडा वेळ लागणार असेल, तर तोवर वरून पाणी ओतत राहावे लागते. विषाणूचे जुलाब आपल्या गतीने पाच-सात दिवसांत थांबतातच. तोपर्यंत हंडा रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढे आपल्या हातात आहे.

कलकत्त्यात सिद्ध झालेले औषध

‘नुसते साखर-मिठाचे पाणी पाजून काय होणार?’ असे विचारणारे खूप भेटतात. त्यांनी या औषधाचा इतिहास ऐकावा. याचा मोठा भाग आपल्याच देशात घडला आहे.

१९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने क्षार-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. १९५९ साली तिथल्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी पाझरू लागते. पुढे १९६० च्या दशकात डाक्का आणि कलकत्ता इथल्या संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट पक्की झाली. कितीही जुलाब होत असले, तरी ग्लुकोज आणि मीठ एकत्र दिले तर आतडे ते शोषून घेते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत ओढले जाते. मिठाला साखरेचा हात धरूनच आतड्याच्या दारातून आत जाता येते म्हणा ना! म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठ चालत नाही आणि नुसती साखर तर अजिबात नाही.

याची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीवरच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरू लागली. सलाईनचा साठा संपत आला. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनाबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पेल्यापेल्याने पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. पाजणारे हात शिकलेल्या परिचारिकांचे नव्हते. आईचे, बहिणीचे, भावाचे होते.

१९७८ साली ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. डॉ. महालनाबिस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. १९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालील पंचेचाळीस लाखांवर मुले जुलाबाने दगावत. आज हा आकडा सुमारे साडेचार लाखांपर्यंत उतरला आहे. लसी, स्वच्छ पाणी, सुधारलेला आहार यांचा त्यात वाटा आहेच, पण या पुडीचा वाटा फार मोठा आहे.

पुडी कशी कालवावी, कशी पाजावी?

जलसंजीवनीची, म्हणजेच ओआरएसची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. औषधाच्या दुकानातही ती दोन-तीन चहांच्या किमतीत येते. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे. २००२ पासून मान्य असलेल्या या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते.

नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड सरबते खोक्यांतून विकली जात. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि क्षार कमी. असे पेय जुलाबात दिले तर जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत हे बरे.

पुडी कालवताना हात साबणाने धुवावेत. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलिलिटरची. लिटरचे माप घरात नसेल तर विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन वापरावी. सगळी पुडी एकदम त्या पाण्यात टाकावी. पुष्कळ घरांत मोठी पुडी थोडी थोडी करून पेल्यात टाकतात. हे चूक आहे. पाणी कमी पडले तर मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो, पाणी जास्त झाले तर उपयोग उणावतो. वरून साखर, मीठ, दूध काही घालू नये. पाणी आधी उकळून गार केलेले असावे, पण पुडी घातल्यावर ते पुन्हा उकळू नये. कालवलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांत संपले नाही तर ओतून द्यावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला द्यावे. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. मोठ्या माणसाने तहान असेल तितके, पण तहान नसली तरी पीत राहावे. लहान मुलाला चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा असे पाजावे. बाटलीने घटाघट पाजले की ते उलटून पडते. उलटी झाली तर ‘याला पचतच नाही’ म्हणून सोडून देऊ नये. दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे, पहिल्यापेक्षा सावकाश. ओकून पडते त्यापेक्षा आत राहते ते पुष्कळ जास्त असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ‘दोन पेले पाजले तरी जुलाब होतातच’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. पण मूल डोळे उघडून बघते आहे, लघवी करते आहे, पाणी मागते आहे ना? मग औषध काम करते आहे.

पुडी हाताशी नसेल आणि रात्रीची वेळ असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचे सपाटच हवेत. पाण्याची चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. मीठ घातलेली भाताची पेज, मीठ घातलेले पातळ ताक, डाळीचे पाणी हीसुद्धा घरची चांगली पेये आहेत. शीतपेये, डब्यातले फळांचे रस आणि कडक गोड चहा मात्र टाळावेत.

पोट रिकामे ठेवू नका

आपल्याकडे जुलाब झाले की पोटाला ‘आराम’ देण्याची पद्धत आहे. आजी म्हणते, ‘काही देऊ नका, टाकलं की बाहेर पडतंय.’ आजीची माया खरी, पण सल्ला घातक. उपाशी आतडे लवकर भरून येत नाही. आधीच अशक्त मूल आणखी खंगते आणि पुढच्या जुलाबाला लवकर बळी पडते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध एक वेळही बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावे. मोठ्या मुलाला मऊ वरण-भात, तूप घातलेली खिचडी, दहीभात, केळे, शिजवलेला बटाटा थोडा थोडा, पण वारंवार द्यावा. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे.

पुडीच्या जोडीला झिंकची गोळी विसरू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करावेत. त्यामुळे आताचे जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याचा संभव कमी होतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६१ जणांना ओआरएस मिळाले होते. झिंक मिळाले ते फक्त तिसांना. म्हणजे शंभरातली एकोणचाळीस मुले पुडीविना आणि सत्तर मुले झिंकविना राहिली.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.

१. मूल सुस्त, गुंगीत किंवा बेशुद्ध आहे, अथवा झटका आला आहे.

२. पाणी पिता येत नाही, किंवा घेतलेले सगळे सतत उलटून पडते.

३. डोळे खोल गेले आहेत, तोंड कोरडे पडले आहे, रडताना अश्रू येत नाहीत. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली आहे.

४. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू जागेवर जाते. दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर स्थिती फार गंभीर समजावी.

५. सहा ते आठ तासांत लघवी झालेली नाही, हातपाय गार पडले आहेत.

६. शौचात रक्त आहे, किंवा ताप जोराचा आहे.

७. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब धो धो होत आहेत. हे कॉलऱ्याचे लक्षण असू शकते.

८. रुग्ण दोन महिन्यांखालील बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध, किंवा मधुमेह, हृदय अथवा मूत्रपिंडाचा आजार असलेला आहे.

९. जुलाब चौदा दिवसांनंतरही चालूच आहेत.

दवाखान्यात जाताना वाटेतही, मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर, पुडीचे पाणी चमच्याने चालू ठेवावे. सलाईन लागेपर्यंतचा वेळ वाया जाऊ देऊ नये. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गोळ्या, इंजेक्शने आणि बाटली

आता बाटलीकडे वळू. नेहमीच्या ‘नॉर्मल सलाईन’च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते तरी काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, बस्स. त्यात पोटॅशियम नाही, साखर नाही, सायट्रेट नाही. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणून जी लावतात, तिच्यात साखर असते पण मीठच नसते. जुलाबात गेलेले क्षार ती भरून काढत नाही. तीव्र जुलाबासाठी शिरेतून द्यायचे सर्वांत योग्य द्रावण म्हणजे रिंगर लॅक्टेट. शुद्ध हरपलेला, नाडी मंदावलेला, पिऊ न शकणारा, किंवा पाजूनही अंगातले पाणी कमीच होत चाललेला रुग्ण असेल तर ते लावलेच पाहिजे, आणि तेही तातडीने, पुरेशा वेगाने. तेव्हा एक मिनिटही दवडू नये. पण जो रुग्ण चालत दवाखान्यात आला आणि पाणी पिऊ शकतो, त्याला बाटलीने पुडीहून जास्त काही मिळत नाही. खिसा हलका होतो, सुई टोचते, आणि सुई स्वच्छ नसेल तर नवाच संसर्ग व्हायचा.

अँटिबायोटिकचीही तीच गत. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि विषाणूंवर त्या गोळ्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. रक्ताची आव, तीव्र कॉलरा अशा ठरावीक रोगांत त्या लागतात. कोणत्या, किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानदाराला विचारून ‘जुलाबाच्या दोन गोळ्या’ घेण्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा तीच गोळी कुचकामी ठरते. जुलाब बांधणारी लोपेरामाइडसारखी औषधे लहान मुलांना कधीही देऊ नयेत. रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. जुलाब बाहेरून थांबलेले दिसतात, पण जंतू आणि पाणी आतच तुंबते आणि पोट फुगते.

आपणच मागतो म्हणून!

मग डॉक्टर पुडी का लिहून देत नाहीत, असा प्रश्न वाचक विचारतील. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याच प्रश्नावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांवर खाजगी दवाखान्यांत शिकवून तयार केलेली माणसे पाठवली. प्रत्येकाने घरी दोन वर्षांचे मूल जुलाबाने आजारी असल्याचे सांगितले. पुडी उपयुक्त आहे हे डॉक्टरांना माहीत होते. तरी ती न लिहून देण्याचे सर्वांत मोठे कारण असे निघाले की ‘लोकांना पुडी नको असते’ असे त्यांना वाटत होते. पाहुण्याने आपल्याला ओआरएस चालेल असे सुचवले, तेव्हा ते लिहून देण्याचे प्रमाण शंभरात सत्तावीसने वाढले. जवळजवळ दुप्पट! महागड्या औषधांतून मिळणारा नफा किंवा पुडीचा तुटवडा, यांचा वाटा त्यामानाने पुष्कळ कमी होता.

हे वाचून मला आपल्या तालुक्याचे दवाखाने दिसू लागले. बाप मुलाला खांद्यावर टाकून येतो आणि टेबलाशी पोचण्याआधीच म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, एक बाटली लावून टाका.’ पुडी दिली तर म्हणतो, ‘इतकं लांबून आलो ते साखरपाण्यासाठी?’ उद्या तो दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथे बाटली लागते आणि गावात त्या डॉक्टरचे नाव होते. डॉक्टरला वाटते लोकांना हेच हवे. लोकांना वाटते डॉक्टर लावतो आहे म्हणजे हेच योग्य. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि भुर्दंड पडतो तो मुलाला.

ही गाठ डॉक्टरांनी सोडवायला हवी, यात शंका नाही. रुग्णाला दोन मिनिटे समजावून सांगणे हाही उपचारच आहे आणि त्याला वेळ नाही असे आम्ही डॉक्टरांनी म्हणणे शोभत नाही. पण वाचकांच्या हातातही एक सोपा उपाय आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा एवढेच विचारा, ‘डॉक्टर, जलसंजीवनी किती पाजू? झिंक किती दिवस देऊ?’ हा एक प्रश्न पुष्कळ बाटल्या वाचवील.

विहिरीतली पावडर

घरात पुडी ठेवली तरी साथ थांबत नाही. ती थांबते पाण्याच्या टाकीपाशी. पावसाचे पहिले पाणी गावची घाण ओढ्यात, ओढ्याचे विहिरीत नेऊन सोडते. नळाची पाइपलाइन गटाराला चिकटून गेलेली असते. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेचे पाणी त्यामुळेच गढूळ येते.

टीसीएल पावडर गावाला नवी नाही. प्रश्न ती नेमाने आणि मापाने टाकण्याचा आहे. साधारण हिशेब असा की एक हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते अंदाजे अठ्ठावीस हजार लिटर भरते. त्याला सत्तर ग्रॅमच्या आसपास पावडर हवी. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभराने पाणी भरावे. मग नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणी घ्यावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचले. उघड्या पोत्यातली, ओल धरलेली पावडर मात्र निव्वळ चुना असते.

‘पाण्याला वास येतो, पावडर टाकू नका’ असे शिपायाला दटावणारे गावोगाव भेटतात. हा वास सुरक्षिततेचा आहे, तो आला नाही तर काळजी करावी. तुरटीने पाणी निवळते, पण तुरटीने जंतू मरतातच असे नाही. निवळलेले पाणीही उकळावे किंवा त्यात क्लोरीन टाकावे. ग्रामसभेत रस्ता आणि समाजमंदिर यांवर तासन्‌तास बोलले जाते. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारावे, ‘पावडर किती आहे, कधीची आहे, ओटी चाचणीची वही कुठे आहे?’

घरात एवढे पुरे. शौचाहून आल्यावर, मुलाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाला बसण्याआधी साबणाने हात धुवावेत. एवढ्याने जुलाबाचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर फेकू नये. ती संडासात टाकावी. पिण्याचे पाणी ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसच्या लसीचे डोस द्यावेत. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. २०१९ पासून महाराष्ट्रातही ती मोफत मिळते.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर एकच काम करा. आशाताईंकडून किंवा दुकानातून ओआरएसच्या दोन पुड्या आणि झिंकच्या गोळ्यांची एक पट्टी आणा आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवा. घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, ती कशी कालवायची ते एकदा करून दाखवा. मध्यरात्री मूल पहिल्यांदा जुलाब करील तेव्हा एस.टी. नसेल, दवाखाना बंद असेल. पुडी मात्र घरात असेल.